बेल्ट तुटायच्या आधी

रात्रीचे साडेदहा. हिंजवडीतून सुटलात, चांदणी चौक मागे टाकलात, बायपासवरून वारज्याच्या दिशेने मस्त चाललाय. अचानक ‘फट्’ असा आवाज. इंजिन एकदम जोरात ओरडायला लागतं आणि स्कूटर मात्र हळूहळू थांबते. सेल्फ मारा, स्टार्ट होते. लाइट लागतो, हॉर्न वाजतो, टाकी अर्धी भरलेली आहे. ॲक्सिलरेटर पिळा... काही नाही! गाडी जागची हलत नाही आणि बाजूने ट्रक सुसाट चाललेत.

याला म्हणतात बेल्ट तुटणं. आणि गंमत म्हणजे, हा बेल्ट बहुतेक वेळा सांगून तुटतो. ऐकणारं कोणी नसतं, एवढंच.

बाइकवाल्यांसाठी आधी एक खुलासा. ‘बाइकचा अल्टरनेटर बेल्ट घरी बदलता येतो का?’ असं विचारणारे बरेच भेटतात. बॉस, तो कारमध्ये असतो. आपल्या रस्त्यांवरच्या जवळपास सगळ्या बाइकमध्ये बॅटरी चार्ज करणारा मॅग्नेटो थेट क्रँकशाफ्टच्या टोकावर बसवलेला असतो, मध्ये बेल्टच नसतो. बीएमडब्ल्यूच्या आर 1100, आर 1150 अशा जुन्या बॉक्सर बाइकमध्ये असतो. पण तशी बाइक पार्किंगमध्ये उभी असेल, तर तुम्हाला या कॉलमची गरज नाही!

बेल्टचं खरं राज्य आहे ते गिअरलेस स्कूटरमध्ये. आपल्याकडे हा प्रकार 1984 मध्ये कायनेटिक होंडाने आणला आणि डाव्या हाताची गिअरची कटकट संपली. फंडा सिंपल आहे. पुढे एक पुली, मागे एक पुली, मध्ये रबरी बेल्ट. इंजिन जोरात फिरलं की पुढच्या पुलीतले छोटे रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात, पुलीच्या दोन थाळ्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. तेवढाच मागच्या पुलीत तो स्प्रिंगला दाबत आत उतरतो. झाला गिअर चेंज, तुम्हाला न कळता. म्हणजे सिग्नल सुटला की प्रत्येक वेळी हा बेल्ट वरखाली होतो. पुण्यातले सिग्नल मोजा आणि त्या बिचाऱ्याची दया करा.

घासून घासून बेल्टची रुंदी कमी होते. मग पिकअप मरतो. आवाज वाढतो पण स्पीड वाढत नाही. उचलताना गाडी थरथरते. पूर्वी चढावर डबलसीट आरामात जायची, आता कुंथते. ही लक्षणं मेकॅनिकला एका राउंडमध्ये कळतीलच असं नाही, रोज चालवणाऱ्याला मात्र कळतात. बऱ्याच स्कूटरमध्ये वीस-पंचवीस हजार किलोमीटरला बेल्ट बदलायचा असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा डिकीत प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधीच बाहेर न आलेल्या मॅन्युअलमध्ये आहे.

आता घरी कशाला करायचं? पैसे वाचतात, पण तो मुद्दा नाही. बेल्ट काही शे रुपयांचा, मजुरीही फार नसते. मुद्दा त्या संध्याकाळच्या फोनचा आहे. ‘मॅडम, बेल्ट गेलाय, रोलर गेलेत, क्लचपण बघावा लागेल.’ आणि मॅडम म्हणतात, ‘बरं, करून टाका.’ (सरही तेच म्हणतात, फक्त आधी समजल्यासारखी मान हलवतात.) एकदा स्वतः कव्हर उघडून पाहिलं, की ‘दादा, जुना बेल्ट आणि रोलर बाजूला ठेवा, मी येऊन बघते’ हे वाक्य आपोआप तोंडात येतं. त्यानंतर बिल बदलतं की नाही बघाच.

चला, रविवार सकाळ. गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नका. बेल्ट नाना पेठेतून आणा किंवा कंपनीच्या काउंटरवरून, पण ओरिजिनल आणि तुमच्याच मॉडेलचा. इंजिन थंड, किल्ली खिशात, गाडी मेन स्टँडवर. किक असेल तर ती काढा, मग डावीकडच्या कव्हरचे बोल्ट गोटी पान्याने सोडवा. बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून त्याच जागी खोचून ठेवा. मोबाइलवर फोटो काढाच. आत काळी भुकटी दिसेल. त्यात क्लचच्या लायनिंगची धूळही असते, तोंडाने फुंकू नका. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा. याच सुमारास कोणीतरी काका येऊन विचारणार, ‘काय, गाडी बिघडली का?’ हसून पुढे चला.

खरी परीक्षा पुढच्या पुलीच्या मोठ्या नटची. पुली फिरू नये म्हणून होल्डर लागतो. तिथे फॅनच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवण्याचा जुगाड सर्रास चालतो. पात्या ठिसूळ असतात, तुटतात. होल्डर आणि टॉर्क रेंच नसेल तर हे काम सरळ गॅरेजमध्ये, समोर उभं राहून करून घ्या. त्यात कमीपणा काही नाही. हा नट सैल राहिला तर क्रँकशाफ्टच्या आट्यांची वाट लागते आणि मग खर्चाचा आकडा वेगळाच असतो.

नट निघाला की बाहेरची थाळी काढा, बेल्ट सुटतो. जुना बेल्ट उलटा वाकवून बघा, दातांच्या मुळाशी चिरा दिसतील. पुलीच्या थाळ्या कोरड्या, स्वच्छ पुसा. ऑइल, ग्रीस, स्प्रे, काहीही लागता कामा नये, नाहीतर नवा बेल्टही घसरणार. नव्या बेल्टवर बाण असतो, तो फिरण्याच्या दिशेने. आधी मागच्या पुलीच्या थाळ्या हाताने फाकवून बेल्ट आत खोल दाबा, म्हणजे पुढे सैल मिळतो. मग पुढची थाळी बसवा. इथेच घोळ होतो! नट आवळताना बेल्ट थाळी आणि आतल्या नळीच्या मध्ये चिमटला, तर नट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच राउंडला सैल पडतो. म्हणून बेल्ट बोटाने हलवत, पुली फिरवत आवळा आणि शेवटी मॅन्युअलमधल्या टॉर्कवर टाइट करा.

कव्हर पूर्ण बसवल्याशिवाय इंजिन स्टार्ट करायचं नाही. बोटं दहाच आहेत. मागचं चाक हवेत असताना थोडं थोडं ॲक्सिलरेटर द्या, बेल्ट आपली जागा घेतो. मग सोसायटीत दोन चकरा, हळू.

तुटलेला नसेल तर जुना बेल्ट ‘इमर्जन्सीला’ डिकीत ठेवणारे खूप आहेत. ठेवा हवं तर. पण रस्त्यात तो नट उघडणार कशाने? त्यापेक्षा मार्कर घ्या आणि सीट उचलून आतल्या बाजूला आजचं रीडिंग लिहून ठेवा.