लोणारचा साक्षीदार: काच

लोणारचे विवर उल्केमुळे झाले हे आज शाळकरी मूलही सांगते. त्यामुळे जुन्या भूगर्भशास्त्रज्ञांनी ते ज्वालामुखीच्या खाती टाकले होते, हे वाचून हसू येते. पण त्यात हसण्यासारखे काही नाही. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या सरोवराची नोंद केली, तेव्हा भोवती कोसच्या कोस पसरलेला काळा पाषाण लाव्हाचाच होता. लाव्हाच्या मुलखात पावणेदोन किलोमीटरहून मोठा गोल खड्डा दिसल्यावर दुसरे काय सुचणार? ॲरिझोनाच्या विवराभोवती तर लोखंडी अशनीचे तुकडे पडलेले होते. तरीही गिल्बर्टसारख्या मातब्बर शास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात तिथे वाफेच्या स्फोटाचाच निष्कर्ष काढला.

ज्वालामुखीचा पक्ष अडतो तो आधी काळाच्या हिशेबात. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः भेगांतून वाहत आला आणि थरावर थर साचत गेला. विवराचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे निघते, तर आरगॉन वायूवर आधारलेल्या मोजणीने ५ लाख ७० हजार. दोन्ही आकड्यांत दहापटीहून अधिक तफावत आहे आणि ती लहान नव्हे. तरी कोणताही आकडा घेतला तरी लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षे लोटली होती. जमीन नुसतीच खचली म्हणावे, तर काठाचे थर वर उचलून बाहेरच्या बाजूला कललेले का? अर्थात, भूगर्भातल्या वायूचा स्फोटही काठ उचलू शकतो. म्हणून आकारावर निकाल देता येत नाही.

निकाल दिला तो काचेने. सरोवराच्या तळाशी छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांत मॅस्केलिनाइट सापडले आणि १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जगापुढे मांडले. बेसॉल्टमधल्या फेल्डस्पारला वातावरणाच्या सुमारे तीन लाख पट दाबाचा क्षणिक धक्का बसला, की तो न वितळताच काचेसारखा होतो. ज्वालामुखीकडे उष्णता हवी तेवढी असते, हा दाब नसतो. मौज अशी, की ही काच पहिल्यांदा ओळखली गेली ती १८६५ मध्ये बिहारमधल्या शेरघाटीजवळ पडलेल्या अशनीत.

मग तो दगड गेला कुठे, हा आक्षेप नेहमीचा आहे आणि रास्तही. पण एवढ्या वेगाने आदळलेल्या दगडाची सारी ऊर्जा क्षणात उष्णतेत आणि धक्क्यात बदलते. त्याचा बराचसा भाग वाफ होऊन जातो, उरलेला वितळून स्थानिक खडकात मिसळतो. बंदुकीची गोळी सापडली नाही म्हणून भिंतीतले भोक नाकारता येत नाही. मात्र ते भोक गोळीचेच आहे हे भिंतीने सांगायला हवे. लोणारची भिंत ते सांगते.

हाच न्याय उलट बाजूनेही लागू करावा लागतो, आणि तिथे आपण ढिलाई करतो. लोणारच्या उत्तरेला असलेल्या अंबर तलावाला ‘धाकटे लोणार’ म्हणतात आणि तो त्याच उल्केच्या तुकड्याने झाला, असे पर्यटकांना ठामपणे सांगितले जाते. तिथे आघाताचा सर्वमान्य पुरावा मिळालेला नाही. गोल आकार आणि थोरल्या विवराचा शेजार एवढ्यावर लोणारचाही निकाल लागला नव्हता.