लष्करी ट्रक आणि शेतकऱ्याचा माल

ज्या सरकारी मोटारगाड्यांस पंधरा वर्षे पूर्ण झालीं, त्यांच्या नोंदणीचें नूतनीकरण करावयाचें नाहीं व त्या मोडीत काढावयाच्या, असा नियम मध्यवर्ती सरकारनें १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आणला आहे. देशाच्या संरक्षणाच्या प्रत्यक्ष कामीं येणारीं चिलखती व तत्सम विशेष वाहनें त्यांतून वगळलीं आहेत. शहरांतील हवेचा विचार करतां नियमाचा हेतु चांगला आहे. त्याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु लष्कराच्या आवारांतून बाहेर पडणारा साधा मालवाहू ट्रक भट्टींत घालावा कीं शेतकऱ्याच्या बांधापर्यंत न्यावा, हा प्रश्न या नियमानें सुटला नसून उलट निकडीचा झाला आहे. आणि ज्यांच्या पेढीवर तो माल बांधावरून येतो, त्या व्यापारी वर्गानेंहि त्याचा विचार केला पाहिजे.

दुसरें महायुद्ध चालू असतांच अमेरिकेनें ३ ऑक्टोबर १९४४ रोजीं उरलेल्या सरकारी सामग्रीच्या विल्हेवाटीचा कायदा केला. माल सट्टेबाजांच्या हातीं जाऊं नये आणि कुटुंबानें कसावयाच्या शेतीस स्थैर्य यावें, हे दोन हेतु त्या कायद्यांतच नमूद केलेले होते. जनरल मोटर्स कंपनीनें त्या युद्धांत तिन्ही आंसांस गति देणारे अडीच टनी ट्रक पांच लाखांहून अधिक बांधले. शांतता झाल्यावर त्यांतील कित्येक ट्रक लांकूडतोडीच्या व शेतीच्या कामास लागले. पुढें १९५० नंतर त्यांची जागा एम-३५ या नांवाच्या ट्रकानें घेतली, आणि तोहि लष्करानें टाकून दिल्यावर अमेरिकेच्या धान्यपिकाच्या मुलखांत धान्याची पेटी, पाण्याची टाकी किंवा खताचें पिंप पाठीवर घेऊन फिरूं लागला. खेड्यांतील अग्निशामक मंडळांसहि असे ट्रक सरकारी वनखात्याच्या मार्फत वापरावयास मिळत आले आहेत.

या यंत्राचा गुण काय व दोष काय, हें नीट पाहिलें पाहिजे, कारण लिलांवांत बोली करणारा मनुष्य बहुधा गुणच पाहतो. एम-३५ चें रिकामें वजन सुमारें सहा टन. आडरानांत त्यानें ५,००० पौंड ओझें पाठीवर व ६,००० पौंड मागें ओढून न्यावें, आणि पक्क्या रस्त्यावर दोन्ही आंकडे १०,००० पौंडांपर्यंत जावेत, असें त्याचें मान ठरलेलें आहे. आपल्या लष्करांतील स्टॅलियन ट्रकहि असाच दोन आंकड्यांनीं ओळखला जातो: आडरानांत पांच टन, रस्त्यावर साडेसात. एकाच गाडीस दोन मानें कां, हें उघड आहे. चिखलांत व खांचखळग्यांत आंसावर पडणारा ताण निराळा असतो. शेतकऱ्याचें काम बहुतेक पहिल्या मानाचें असून तो गाडी विकत घेतो ती मात्र दुसऱ्या मानाकडे पाहून. (आमच्याकडे तर तिसरेंच मान रूढ आहे: मावेल तितकें.)

ओढण्याची शक्ति ही या ट्रकाची अडचण नव्हेच. खालच्या गिअरमध्यें तो जें ओढील, तें थांबवितां येईल कीं नाहीं, हाच खरा प्रश्न होय. लष्करानें या ट्रकासाठीं दीड टनी ट्रेलर बनविला, त्याचे ब्रेक ट्रकाकडून नळीनें येणाऱ्या दाबलेल्या हवेवर चालतात. चालकानें पाय दाबला कीं पुढचीं व मागचीं चाकें एकदम आवरतात. परंतु तोच ट्रक शेतावरील साध्या ट्रॉलीस जोडला, तर ट्रॉलीचें सगळें ओझें उतारावर ट्रकाच्या पाठीवर येतें आणि एकट्या ट्रकाच्या ब्रेकांनीं तें सोसावयाचें असतें. त्यांतहि या जुन्या ट्रकाच्या ब्रेकांचें तेल सर्व चाकांस एकाच सिलिंडरांतून जातें. कोठें एक नळी फुटली कीं सर्वच चाकांचे ब्रेक गेले. घाटाच्या रस्त्यानें ज्यांनीं माल आणविला आहे त्यांस याचा अर्थ सांगावयास नको. दिव्यांचीहि तीच गत: लष्करी गाडीची वीज २४ व्होल्टची, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे दिवे १२ व्होल्टचे. ते तसेच जोडले तर जळून जातात, आणि मग काळोखांत मागचा दिवा नसलेली भरलेली ट्रॉली रस्त्यावरून चालते. असल्या ट्रॉलीवर मागून येऊन आदळलेल्या दुचाकीस्वाराची हकीकत वाचकांनीं कितीदां वाचली असेल!

आतां खर्चाकडे वळूं. हा ट्रक एका लिटर तेलांत तीन-चार किलोमीटर जातो. तरीहि गव्हाच्या मुलखांतील अमेरिकन शेतकऱ्यास तो परवडतो, कारण त्याचें काम हंगामाच्या कांहीं आठवड्यांचें व थोड्या मैलांचें. उरलेलें वर्ष ट्रक छपराखालीं उभा. ज्या गाडीस वर्षाकाठीं थोडेंच धांवावयाचें आहे तिचा मुख्य खर्च तेलाचा नसून तिच्यांत अडकलेल्या भांडवलाच्या व्याजाचा असतो, आणि जुन्या ट्रकांत तें भांडवल थोडें असतें. हाच हिशेब आमच्या ऊंसवाहतुकीस लावला कीं उलटा पडतो. कोल्हापूर-सांगलीकडे गळिताच्या हंगामांत पांच-पांच महिने गाड्या रात्रंदिवस धांवतात. तेथें तेल व टायर यांचाच खर्च भारी होतो आणि स्वस्तांत घेतलेला लष्करी ट्रक मालकास बुडवील. म्हणून ऊंसासाठीं हे ट्रक मागणाऱ्यांस आमचा पाठिंबा नाहीं.

मग त्यांचा उपयोग कोठें? उन्हाळ्यांत दुष्काळी तालुक्यांतील वस्त्यांवर पाणी पोंचविणें, चारा छावणीपर्यंत नेणें, अवकाळी पावसांत शेतांत अडकलेला कांदा डांबरी सडकेपर्यंत काढणें, हीं कामें थोड्या दिवसांचीं, जवळच्या अंतराचीं व वाईट वाटेचीं आहेत. त्यांतहि भिजलेल्या काळ्या जमिनींत सहा टनांचें धूड सरळ घालूं नये. जमीन अशी दबते कीं पुढचें पीक त्याची किंमत देतें. बांधाच्या कडेची एक वाट ठरवून तिच्यावरच तो चालवावा.

आपल्या देशासहि या प्रकाराचा अनुभव आहे. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेनें मध्य भारतांतील कांसानें ग्रासलेल्या जमिनी नांगरण्यास आरंभ केला, तो अमेरिकन सैन्यानें मागें ठेवलेल्या ट्रॅक्टरांवर. पण त्यांवर तें काम पुरें होण्यासारखें नव्हतें. १९४९ मध्यें नव्या यंत्रांसाठीं जागतिक बँकेकडून एक कोटि डॉलरांचें कर्ज काढावें लागलें. जुन्या लष्करी यंत्रानें आरंभ करतां येतो, परंतु सुट्या भागांची तरतूद नसेल तर त्याजवर फार दिवस विसंबतां येत नाहीं. जबलपूरच्या कारखान्यांत १९५९ पासून बनलेला शक्तिमान ट्रक लष्करांतून निघाल्यावर डोंगराळ मुलखांत लांकूड वाहूं लागला. त्याचें बनविणें बंद झाल्यापासून त्याचे भाग दुसऱ्या मोडक्या शक्तिमानांतूनच काढावे लागतात.

कायद्याची बाजू याहूनहि अवघड आहे. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याच्या ६० व्या कलमाप्रमाणें लष्कराच्या गाड्यांची नोंदणी वेगळी होते, आणि गाडी संरक्षणाच्या कामांतून निघाली म्हणजे तिला सामान्य नोंदणीचीं कलमें लागू होतात. निकामी ठरविलेला माल एम. एस. टी. सी. या सरकारी कंपनीमार्फत लिलांवानें विकला जातो. मोठ्या लाटांत निघणाऱ्या लिलांवांत एकट्या शेतकऱ्यानें टिकाव धरणें कठीण. तो भंगारवाल्याकडून चढ्या भावानें घेतो, कागद मात्र अपुरे मिळतात. अमेरिकेंतहि २०१४ मध्यें लष्करी हम्वी गाड्या प्रथम विकल्या तेव्हां त्या सडकेवर आणूं नयेत अशी अट घातलेली होती. पण ती अट घेणाऱ्यास आधींच ठाऊक होती. आमच्याकडे ती खरेदीनंतर परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर कळूं नये, एवढी तरी अपेक्षा करणें वावगें नव्हे.

आमची मागणी अशी आहे. जे ट्रक शेतीस द्यावयाचे ते पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर नव्हे, तर बरेंच आधीं बाजूस काढावेत. ते एकेकटे न विकतां सहकारी खरेदी-विक्री संघांस व ग्रामपंचायतींस, त्यांच्या रोजवहीसह आणि एका जुन्या ट्रकाचे भाग जोडीस देऊन, ठरलेल्या किंमतीस द्यावेत. लष्करी ट्रेलर त्याच ट्रकाबरोबर जावा. ब्रेक नसलेली ट्रॉली त्यास जोडण्याची परवानगीच नसावी. आणि ट्रक हातीं देण्यापूर्वीं भरलेल्या ट्रेलरासकट उतारावर तो थांबवून दाखविण्याची परीक्षा, घेणाऱ्या संघाच्या चालकाकडूनच घ्यावी. आरंभीं एक-दोन दुष्काळी तालुक्यांत पाण्याच्या टाकीपुरताच हा प्रयोग करावा व वर्षअखेर तेल, टायर आणि दुरुस्ती यांचा हिशेब पंचायतीच्या फळ्यावर लावावा.