बुटीकमधल्या मुलीला स्टूल

पुण्यासारख्या साध्या राहणीच्या शहरात उंची कपड्यांचे बुटीक चालेल का, असे मैत्रिणी विचारतात. सुती सलवार-कमीज घालून स्कूटरवरून जाणारी बाई एवढे पैसे मोजेल का, ही त्यांची काळजी. बाईने जरूर धंदा काढावा, नफाही कमवावा. मला प्रश्न पडतो तो असा, की दिवसभर विक्रीला उभ्या असणाऱ्या मुलीला तिथे बसायला स्टूल मिळेल का?

केरळात कापड दुकानांतल्या बायका बसण्याच्या हक्कासाठी लढल्या; २०१८ साली तो कायद्यात आला. तामिळनाडूने २०२१ मध्ये तसाच कायदा केला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने मात्र दहापेक्षा कमी कामगारांची दुकाने कामाचे तास, सुट्टी यांच्या तरतुदींतून वगळली. बुटीक बहुधा एवढेच असते. काजे-बटणे, हातशिलाई घरी नेऊन करणाऱ्या बायका तर हिशेबातच नसतात. अशा कामासाठी झालेला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९६ चा करार भारताने स्वीकारलेला नाही.

म्हणजे जे करायचे ते मालकिणीनेच. भारी कपड्याच्या किमतीत स्टूल, पगारी सुट्टी आणि शिलाईचा रास्त दर सहज बसतो. आपणही भाव विचारताना एवढे विचारू या.