नोकरी सांभाळून एम.ए., एम.कॉम. : घरून की वर्गात?



प्रवेशाचे दिवस आले की विहारात आमच्यापुढे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा कधी थळच्या खत कारखान्यातला कंत्राटी कामगार असतो, कधी उरणच्या बंदरातला कारकून, तर कधी म्हसळ्याची अंगणवाडी सेविका. पदवी झाली आहे, पुढे शिकायचे आहे. मग ऑनलाईन करावे की वर्गात जाऊन झटपट संपणारा कोर्स धरावा?

आधी या 'झटपट'चा विचार करू. ज्यांची पदवी चार वर्षांची आहे, त्यांनाच एका वर्षात एम.ए., एम.कॉम. करता येते. आपल्यापैकी बहुतेकांची पदवी जुनी, तीन वर्षांची. त्यांना दोन वर्षे द्यावीच लागतात. म्हणून "सहा महिन्यांत एम.कॉम., मागच्या तारखेचे सर्टिफिकेट" असे सांगणाऱ्या एजंटाला दारात उभे करू नका. पतपेढीचे कर्ज काढून असा कागद घ्यायचा, आणि बढतीच्या वेळी साहेबाने तो बाजूला सारायचा! पैसा जातो, अब्रूही जाते.

दुसरी गोष्ट मान्यतेची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाईन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र विद्यापीठाला त्या वर्षी, त्याच अभ्यासक्रमाची मान्यता आहे ना, हे आयोगाच्या संकेतस्थळावर पाहावे आणि फी थेट विद्यापीठाकडेच भरावी. वकिली मात्र अशी घरबसल्या होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आता आपल्या किनाऱ्याचे पाहू. जानेवारी 2024 मध्ये उरणपर्यंत लोकल आली. तिथल्या बांधवाला कामावरून सुटून नवी मुंबईतला संध्याकाळचा वर्ग गाठता येईल. अलिबाग, महाड, पनवेलच्या आसपास राहणाऱ्यांनी आधी जवळच्या कॉलेजात चौकशी करावी. पण श्रीवर्धन-मुरुडच्या माणसाने रोज मुंबई कशी गाठायची? पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँचीही बंद असतात. त्याने शनिवार-रविवारचे वर्ग किंवा दूरशिक्षण हाच मार्ग धरावा.

त्यातही निव्वळ ऑनलाईन आणि दूरशिक्षण यांत फरक आहे. ऑनलाईनला वीज आणि नेटवर्क हवे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनकडची किती गावे कित्येक दिवस अंधारात होती, ते आपण विसरलेलो नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, इग्नू, मुंबई विद्यापीठाचा दूरशिक्षण विभाग यांच्या अभ्यासक्रमांत छापील किंवा उतरवून घेता येणारी पुस्तके असतात. वीज गेली तरी पुस्तक वाचता येते.

पण घरच्या अभ्यासाचा खरा शत्रू वेगळाच आहे. वर्गाला जाणाऱ्याला घरचे लोक वाट मोकळी करून देतात. घरी पुस्तक उघडून बसलेल्या सुनेला मात्र "घरीच तर आहे" म्हणून भाकरी थापायला उठवतात. दोन वर्षांनी पुस्तके कोरीच राहतात, आणि दोष येतो तिच्या बुद्धीवर!

बाबासाहेबांनी 1946 साली सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. माणसाच्या सवडीप्रमाणे शाळेने वेळ बदलावी, हा त्यातला विचार. तो आपण घरात का आणू नये? आमची सूचना साधी आहे. दर रविवारी वंदनेनंतर विहारात दोन तास अभ्यासवर्ग ठेवावा. दूरशिक्षण घेणाऱ्यांनी एकत्र बसावे, शिकलेल्यांनी अडलेले सांगावे. त्या दोन तासांत घरची चूल पुरुषांनी सांभाळावी.

"आता वय झाले," असेही कोणी म्हणतात. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना 1917 मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, 1920 मध्ये ते पुन्हा गेले आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. मागे संसार रमाईंनी ओढला. खंड पडला, पण शिक्षण पुरे झाले.

म्हणून घरून की वर्गात, हे ठरवताना आधी तीन गोष्टी कागदावर लिहा : मान्यता आहे का, जाण्यायेण्याला वेळ किती, आणि घरात अभ्यासाचा रोजचा एक तास कोण राखून देणार. तिसऱ्याचे उत्तर मिळाल्याशिवाय फी भरू नका.

नमो बुद्धाय, जयभीम!