अनुदानाची भाषा आणि साहित्याचे संशोधन

साहित्याच्या तरुण अध्यापकांना एक सल्ला सर्रास दिला जातो: संशोधनप्रकल्पाचा प्रस्ताव लिहिताना निष्कर्ष आधी ठरवावेत, त्यांना अनुरूप अशी उद्दिष्टे मागाहून लिहावीत, आणि ‘समाजोपयोगिता’ हा शब्द निदान तीनदा तरी येऊ द्यावा. कार्यशाळांमधून तो दिला जातो, मंजूर प्रस्तावांच्या प्रती हातोहात फिरतात, आणि ज्यांना तो मानवतो त्यांना अनुदानही मिळते. तो व्यावहारिक आहे याविषयी वाद नाही. वाद आहे तो त्यामागच्या समजुतीविषयी. प्रस्ताव पटवून देणे म्हणजे फळाची हमी देणे, ही ती समजूत. संहितेतील वक्तृत्व, तिचा गर्भित वाचक आणि तिची मौने यांवर व्याख्याने देणाऱ्या आपल्या वर्गाने ही समजूत निमूटपणे स्वीकारावी, हे चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

छापील नमुन्यातला ‘गृहीतक’ हा रकाना पाहावा. प्रयोगशाळेत गृहीतकाला अर्थ असतो, कारण ते खोटे ठरू शकते. आपल्याकडे त्या रकान्यात काय भरले जाते? ‘ग्रामीण कथेतून ग्रामजीवनाचे वास्तव चित्रण घडते.’ ‘दलित आत्मकथनांतून सामाजिक वेदना व्यक्त झाली आहे.’ ही विधाने खोटी ठरण्याचा संभवच नाही. म्हणून ती सिद्ध करण्यासाठी दोन वर्षे आणि काही लाख रुपये खर्ची घालण्याचेही कारण नाही. तरुण अध्यापकाला हे कळत नाही असे नाही. त्याला खरोखर पडलेला प्रश्न त्या रकान्यात मावत नाही, म्हणून तो मावणारा प्रश्न शोधतो. आणि अनुदान मिळाल्यावर त्याच प्रश्नाशी बांधला जातो. नुकसान होते ते येथे.

या वृत्तीला नियमांचे खतपाणी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत दहा लाखांहून अधिक रकमेच्या पूर्ण झालेल्या प्रकल्पास १० गुण, तर त्याहून कमी रकमेच्या प्रकल्पास ५ गुण दिलेले आहेत. म्हणजे एखाद्या मठातील पोथ्या ऐंशी हजारांत वाचून काढणारा अभ्यासक, अकरा लाखांची प्रश्नावली फिरविणाऱ्याच्या निम्म्या विद्वत्तेचा! राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात प्रस्तावित संशोधन प्रतिष्ठानाच्या चार विभागांपैकी एक कला व मानव्यविद्यांचा होता. २०२३ च्या कायद्याने ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ प्रत्यक्षात आले तेव्हा मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे यांची विज्ञान-तंत्रज्ञानाशी जेवढी सीमा जुळते तेवढीच त्याच्या कक्षेत उरली. साहित्याच्या अभ्यासकाने आता आपल्या विषयाला तंत्रज्ञानाची झूल चढवावी, असाच याचा व्यवहारात अर्थ होतो.

यावर आपल्यातील ज्येष्ठांचे उत्तर ठरलेले असते: खऱ्या संशोधकाला अनुदान लागत नाही, राजवाड्यांना कोणी दिले होते? १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ चे बावीस खंड उभे करणाऱ्या राजवाड्यांचे नाव घेतले की वाद संपतो असे मानले जाते. वस्तुतः हे उत्तर निष्ठुर आहे. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, सुट्टीत वेतनच नसणाऱ्या अध्यापकाला निःसंग राजवाड्यांचे उदाहरण सांगणे हा उपदेश नव्हे. शिवाय ते अर्धेच सत्य आहे. केतकरांनी ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, आणि त्या खटाटोपाचा इतिहास १९२७ मध्ये स्वतः लिहून ठेवला. द्रव्य मागणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. तेव्हा प्रश्न मागण्याचा नाही, कोणत्या भाषेत मागावे याचा आहे.

या बाबतीत भांडारकर संस्थेच्या महाभारताचा आरंभ उद्बोधक आहे. काम १९१९ मध्ये सुरू झाले. औंधच्या पंतप्रतिनिधींचे साहाय्य त्यामागे होते. १९२३ मध्ये ना. बा. उत्गीकर यांनी संपादिलेली विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ती निघाली आणि ती विद्वानांपुढे परीक्षणार्थ ठेवण्यात आली. आम्ही अमुक सिद्ध करू असे सांगण्याऐवजी, आम्ही पोथ्या कशा वाचतो ते पाहा, असे सांगण्याचा हा प्रकार होता. सुकथनकर १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाले, आणि तेच विराटपर्व पुढे १९३६ मध्ये रघुवीरांच्या संपादनाने नव्याने सिद्ध झाले. आजच्या परिभाषेत पहिला प्रयत्न ‘अपेक्षित फलनिष्पत्ती’ गाठू शकला नाही असा शेरा बसला असता. सबंध आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली.

साहित्याच्या प्रस्तावात पटण्याजोगी गोष्ट असते ती एवढीच: प्रश्न नेमका आहे आणि तो धरण्याची पद्धत प्रस्तावकाच्या हातात आहे. लीळाचरित्रातील एकच लीळा दोन पोथ्यांत निराळ्या शब्दांत का येते, असे कोणाला विचारायचे असेल तर त्याने पाच लीळांचे पाठभेद मांडून दाखवावेत, कोठे अडलो ते स्पष्ट सांगावे, आणि त्या अडचणीतून प्रवासखर्च, पोथ्यांच्या प्रती आणि रजा यांची मागणी निघू द्यावी. असा प्रस्ताव चटकन वाचता येत नाही हा आक्षेप खरा आहे. तीस प्रस्तावांचा गठ्ठा एका दुपारी निकालात काढणाऱ्या परीक्षकाला तो त्रासदायकच होईल. पण मग दुपारी वाढवाव्यात. परीक्षणसमित्यांवर आपलेच प्राध्यापक बसतात. निदान मराठीच्या विषयांपुरता गृहीतकाचा रकाना ऐच्छिक करून दहा पानांचा नमुना मागण्याची शिफारस त्यांना करता येईल. त्या नमुन्यासाठी सहा महिन्यांची अल्प रक्कम वेगळी ठेवावी, आणि तिच्यासाठी नियमित नेमणुकीची अट नसावी.