छातीदाबाची लय आणि खिशांतलें यंत्र

मनुष्य एकाएकीं कोसळून निश्चेष्ट पडला, हांक मारली तरी ओ देत नाहीं, आणि श्वास बंद आहे किंवा मधून मधून केवळ आचके येत आहेत, अशा वेळीं त्याच्या छातीच्या मध्यभागीं दोन्ही हातांनीं जोरानें व ठराविक लयीनें दाब देत राहणें, ह्या उपचारास आज सर्वत्र सीपीआर म्हणतात. ह्या उपचाराची लय राखणारीं ॲपें हल्लीं मोबाईलवर मिळतात. कळ दाबली कीं ठोके ऐकूं येऊं लागतात, आणि त्या ठोक्यांबरोबर दाब द्यावयाचा असतो. हें साधन शाळेंत शिकवावें कीं नाहीं, असा विषय शिक्षकमंडळींत निघाला म्हणजे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, प्रत्येकाच्या मोबाईलांत तें असलेंच पाहिजे. दुसरा म्हणतो, मोबाईलनें मुलांचें जेवढें नुकसान केलें आहे तेवढें पुरे. आमच्या मतें दोन्ही पक्ष मूळ मुद्द्यास बगल देतात. हें ॲप शिकण्याचें उत्तम साधन आहे. परंतु पडलेल्या मनुष्यापाशीं पहिला मान हातांचा, ॲपाचा नंतरचा.

लयीस एवढें महत्त्व कां, हें प्रथम पाहूं. हृदय बंद पडलें म्हणजे मेंदूस रक्त मिळेनासें होतें, आणि सुमारें चार-पांच मिनिटांत मेंदूची कायमची हानि होऊं लागते. छाती दाबली म्हणजे हृदयांतलें रक्त बाहेर ढकललें जातें. दाब सोडला म्हणजे छाती वर येते आणि हृदय पुन्हां भरतें. तेव्हां येथें दाबण्याइतकेंच सोडण्यासहि महत्त्व आहे. प्रौढ मनुष्याची छाती प्रत्येक दाबास ५ ते ६ सेंटिमीटर खालीं गेली पाहिजे, आणि मिनिटास १०० ते १२० दाब पडले पाहिजेत. गति ह्याहून मंद झाली तर मेंदूस पुरेसें रक्त पोहोंचत नाहीं. ह्याहून जलद झाली तर हृदयास भरावयास अवसर मिळत नाहीं आणि दाबहि उथळ होत जातात. घाबरलेला मनुष्य बहुधा घाईनें दाबूं लागतो, दमलेला मंद पडतो, आणि दोघांसहि आपलें बरोबर चाललें आहे असेंच वाटत असतें! घड्याळाच्या सेकंदकांट्याकडे पाहत दाब देतां येत नाहीं, कारण नजर रोग्यावर हवी. कान मात्र मोकळे असतात. ह्या मोकळ्या कानांस कामास लावणें, एवढीच ह्या ॲपांची युक्ति आहे. आणि ती कांहीं नवी नव्हे. गायनवादन शिकणारांसाठीं ठोके देणाऱ्या मेट्रोनोम नांवाच्या यंत्राचें पेटंट मेल्त्सेल ह्यानें १८१५ सालींच घेतलें होतें. तेंच यंत्र आतां खिशांत येऊन बसलें आहे.

उपचार मात्र त्या मानानें अलीकडचा. अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील कौवेनहोवन, ज्यूड व निकरबॉकर ह्या तिघांनीं १९६० सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हां छाती न उघडतां बाहेरून दाब देऊन रक्त खेळतें ठेवतां येतें, हें वैद्यकी जगास पटलें. ह्यांतील कौवेनहोवन हे वैद्य नव्हते, विजेचे इंजिनियर होते, ही गोष्ट आमच्या शास्त्रशाखेच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ह्या कामीं दोन हात असले म्हणजे पुरे, असा त्या निबंधाचा आशय होता. त्यांनीं सांगितलेली गति मात्र आजच्या मानानें बरीच मंद होती. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सूचनांत २००५ सालीं मिनिटास सुमारें १००, २०१० सालीं निदान १००, आणि २०१५ सालीं १०० ते १२० अशी ती ठरत गेली. ह्यावरून एक व्यावहारिक बोध असा कीं, कोणतेंहि ॲप घेतलें तरी त्याची गति १०० ते १२० च्या आंत आहे ना, हें आधीं घड्याळ लावून पाहावें. ॲप सुंदर दिसतें म्हणून तें शहाणें असतेंच असें नाहीं.

आतां ह्या यंत्राची मर्यादा. नुसते ठोके देणाऱ्या ॲपास दाब किती खोल गेला हें कळत नाहीं. दाबानंतर हात पुरते सैल झाले कीं नाहींत, तळहात छातीच्या मध्यावर आहे कीं पोटाकडे सरकला, हेंहि त्यास कळत नाहीं. ठेका अचूक धरून तबल्यावर नुसतीं बोटें टेकविणाऱ्या तबलजीस कोण तबलजी म्हणेल? लयीकडे फार लक्ष देणारा मनुष्य जोर विसरतो, हा धोका खरा आहे, आणि शिकविणारानें त्यावर डोळा ठेवावा.

त्याहून मोठा धोका वेळेचा. कल्पना करा कीं बाजारांत एक गृहस्थ पडला आहे, आणि त्यास वांचवूं पाहणारा भला मनुष्य मोबाईलचें कुलूप उघडून, चित्रांच्या गर्दींतून हवें तें चित्र शोधून, वर येणारी जाहिरात बाजूस सारीत बसला आहे. ह्यांत अर्धें मिनिट सहज जाईल. त्या अर्ध्या मिनिटांत पन्नासांवर दाब झाले असते! ठोके नसतांना दिलेले दाब थोडे कमीअधिक गतीचे झाले असते, पण रक्त फिरूं लागलें असतें. शिवाय अशा प्रसंगीं मोबाईलचें पहिलें काम निराळेंच आहे: १०८ किंवा ११२ ह्या क्रमांकावर वर्दी देणें, आणि आवाज मोठा करून तो जवळ जमिनीवर ठेवणें, म्हणजे हात मोकळे राहून पलीकडच्याशीं बोलतां येतें. पुष्कळ देशांत पलीकडचा कर्मचारीच लय मोजून सांगतो. ज्या मोबाईलवर हें बोलणें चालू आहे त्याच्यावरच ठोकेहि वाजवूं गेल्यास दोहोंचा गोंधळ व्हावयाचा. म्हणून एकटा मनुष्य असेल तर त्यानें ॲपाचा नाद सोडून मोठ्यानें आंकडे मोजावे. दुसरा कोणी असेल तर त्यानें आपल्या मोबाईलवर ठोके लावावे. विजेचा झटका देणारें एईडी यंत्र कोणी आणलें तर मग त्याच्या आवाजाप्रमाणें वागावें.

दुसरा मनुष्य हाताशीं असेल तेव्हां ॲपाचा खरा उपयोग आम्हांस ठोक्यांहून त्याच्या दोन मिनिटांच्या घंटेंत दिसतो. दाब देणारानें दर दोन मिनिटांनीं बदलावें असा नियम आहे, कारण थकल्यामुळें दाब उथळ होतात आणि थकणारास तें उमगत नाहीं. आपल्याकडे तर पुढें झालेल्या मनुष्यास माघार घेण्याची लाज वाटते. घंटा वाजली म्हणजे त्या लाजेचा प्रश्नच उरत नाहीं. तो उठतो, दुसरा बसतो. ही अदलाबदल मात्र क्षणभरांत व्हावी. दहा सेकंदांहून अधिक खंड पडतां कामा नये. तोंडानें श्वास देण्याचें शिक्षण झालेलीं माणसें ३० दाबांमागें दोन श्वास देतात, आणि बुडालेल्या मनुष्यास किंवा लहान मुलास ते अवश्य हवेत. ज्यास तें येत नाहीं त्यानें दाबांत खंड पाडूं नये.

मग शाळेंत काय करावें? लय कानांतून अंगांत उतरते, हें लेझीम खेळणाऱ्या मुलांस सांगावयास नको. कवायतींतली जलद चाल मिनिटास १२० पावलांच्या आसपास असते, म्हणजे ह्या उपचाराची वरची मर्यादा आमच्या मुलांच्या पायांत आधींच आहे. अमेरिकेंत बी जीज ह्या गायकांच्या १९७७ सालच्या ‘स्टेइंग अलाइव्ह’ ह्या गीतावर लोकांस हीच लय शिकवितात. आमच्या गांवच्या मुलास लेझमीची आठवण अधिक लौकर होईल. सरावास आरंभीं ॲपाचे ठोके लावावे. मुलाचा हात बसला कीं आवाज बंद करून त्यास तसेंच चालू ठेवावयास सांगावें, आणि मिनिटभरानें आवाज पुन्हां सोडावा. किती मागें पडलों किंवा किती पुढें पळालों, हें त्याचें त्यालाच कळेल. मोबाईल नसला तर भिंतीवरच्या घड्याळाकडे दुसऱ्या मुलानें पाहावें. १५ सेकंदांत २५ ते ३० दाब पडले म्हणजे गति बरोबर. नॉर्वेंतील लेर्दाल ह्या खेळणीं करणाऱ्या गृहस्थानें १९६० सालीं सरावासाठीं पुतळा तयार केला. तसला पुतळा प्रत्येक शाळेस परवडणार नाहीं. घट्ट उशीवर लय शिकतां येते, खोली मात्र शिकतां येत नाहीं. ती जाणत्या शिक्षकाकडून पुतळ्यावर निदान एकदां तरी शिकलीच पाहिजे. जिवंत, धडधाकट सोबत्याच्या छातीवर हा सराव कोणीहि, थट्टेंतसुद्धां, करूं नये.

विद्यार्थ्यांनीं शाळेंत मोबाईल आणूं नये हा आमचा नियम ह्यासाठीं मोडावयाचें कारण नाहीं. कवायतीच्या शिक्षकांचा एक मोबाईल चाळीस मुलांच्या वर्गास पुरतो. चाळीस मुलांच्या वीस जोड्या होतात. जोडींतल्या प्रत्येकानें दोन मिनिटें दाब दिला, घंटा झाल्यावर जागा बदलली, तर सारा वर्ग पांच मिनिटांत होतो, आणि तासाचा उरलेला वेळ लेझमीस मोकळा राहतो. वसतिगृहांत घट्ट उशा आहेत. पुतळा मात्र उसना आणावा लागेल, आणि तो पावसाळ्याच्या सत्रांत, मैदान बंद असतांना आणावा, अशी मुख्याध्यापकांस आमची विनंति आहे.