'सगेसोयरे' म्हणता, पण सोयरसुतक कुणाला आहे?

स्पष्ट लिहितोय. दोन्हीकडच्या मित्रांना राग येईल, येऊ द्या.

सोयरा कोण, हे आपल्या हिंगोलीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जिथं लेक दिली तो सोयरा, जिथून सून आणली तोही सोयरा. ईवाई, मेव्हणा, साडू सगळे त्यातच आले. आणि ज्याच्याशी ना रक्ताचं नातं ना लग्नाचं, पण जीव लागलाय, त्यालाही जुनी माणसं सोयराच म्हणायची. सगा जन्मानं मिळतो. भावकी बांधावरून कितीही भांडली तरी सगीच राहते. सोयरा मात्र जोडावा लागतो आणि टिकवावाही लागतो.

हा घरातला शब्द सरकारनं २६ जानेवारी २०२४ ला मसुद्यात नेऊन बसवला. २०१२ च्या जात प्रमाणपत्र नियमांत दुरुस्तीचा मसुदा निघाला. अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांत सजातीय लग्नांतून जुळलेले नातेवाईक म्हणजे सगेसोयरे, अशी व्याख्या केली. दुसऱ्या दिवशी वाशीत गुलाल उधळला गेला. हरकतींसाठी १६ फेब्रुवारीपर्यंत मुदत दिली आणि लाखोंनी हरकती आल्या. मुदत संपल्यावर चारच दिवसांनी विशेष अधिवेशन घेऊन १० टक्क्यांचा वेगळाच कायदा केला. मसुदा राहिला तिथंच.

खरी गोम शब्दात आहे. आजवर जात पडताळणी चालते ती वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यावर, म्हणजे भावकीवर. सोयरा त्यात नव्हता. मराठा बांधव म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या आमचा बेटीव्यवहार कुणब्यांशी आहे, मग सोयऱ्याची नोंद ती आमची नोंद. ओबीसी बांधव म्हणतात, सोयऱ्याला सोयरा जोडत गेलं तर एका दाखल्यावर अख्खा जिल्हा येईल, मग आमच्या ताटात काय उरणार? दोघांचंही म्हणणं कळतं. मधल्या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणी देत नाही. जात सिद्ध करायला सोयरीक दाखवायची, अन् सोयरीक सजातीय आहे हे सिद्ध करायला परत जात दाखवायची. हा गुंता सोडवणं सरकारचं काम होतं. सरकारनं एकाला गुलाल दिला, दुसऱ्याला 'धक्का लागणार नाही' असा शब्द दिला आणि हात झटकले.

२ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा निर्णय निघाला, गावपातळीवर समित्या झाल्या. तेव्हाही सगेसोयऱ्यांचा मसुदा अंतिम झाला नाही आणि मागेही घेतला नाही.

इकडं आपण काय केलं? २६ नोव्हेंबर २०२३ ला याच हिंगोलीत ओबीसींची एल्गार सभा झाली. ६ जुलै २०२४ ला मराठा समाजाची शांतता रॅली इथूनच निघाली. दोन्हींना माणूस मावत नव्हता. लोकशाही आहे, व्हायलाच पाहिजे. पण त्यानंतर गावागावांत जे झालं त्याचं काय? शेजारच्याच्या लग्नाला जायचं का नाही, हे आता आधी जात बघून ठरतं. किराणा कुणाच्या दुकानातून घ्यायचा, हेही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरायला लागलं. ज्या गल्लीत जातीबाहेरचा माणूसही मामा-काका होता, तिथं रामराम बंद झाला.

आपल्याकडं लेकरू जन्मलं की सोयर, माणूस गेलं की सुतक. दोन्ही पाळतो तो आपला. ज्याला कशाचंच काही वाटत नाही, त्याला आपण म्हणतो, याला सोयरसुतक नाही. मुंबईत बसून हा मसुदा लटकवत ठेवणाऱ्यांना दुसरं काय म्हणायचं?

म्हणून मागणी साधी आहे. मसुदा टिकणारा असेल तर अंतिम करा, कोर्टात उभे राहा. टिकणारा नसेल तर तोंडावर सांगा अन् मागे घ्या. निवडणूक आली की बाहेर काढायचा आणि निकाल लागला की कपाटात ठेवायचा, हे बंद करा.

आणि आपल्यासाठी एवढंच. दाखला मिळेल का नाही, ते मुंबईत ठरेल. शेजारी सोयरा राहील का नाही, ते मात्र आपल्याच ओट्यावर ठरणार आहे.

पटलं नाही तर खाली बिनधास्त लिहा. फक्त कुणाची जात काढू नका.